जुनी बॅटरी ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी हे वाचा

बॅटरीची भीती लोकांना वाटते ती चार्जिंगला लावल्यावर. रात्रभर फोन लावून ठेवला तर चालेल का, उशीखाली राहिला तर काय होईल, गरम होतोय ते नॉर्मल आहे का, असे प्रश्न मला सतत येतात आणि चांगलंच आहे, विचारावेतच. पण तीच बॅटरी जुनी झाली, फोन बदलला, पॉवर बँकचं पोर्ट ढिलं झालं की ती वस्तू ड्रॉवरमध्ये जाते आणि तिथून पुढे तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रिचार्जेबल बॅटरीचा खरा धोक्याचा काळ आपण ती वापरायचं थांबवलं की सुरू होतो. वापरात असते तेव्हा आपलं लक्ष असतं, फोनमधलं सर्किट तिच्यावर नजर ठेवून असतं, हातात असते म्हणून जरा तापली तरी लगेच कळतं. ड्रॉवरमध्ये, बॅगेच्या तळाशी, कचऱ्याच्या पिशवीत तिच्याकडे बघणारं कोणीच नसतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं काम करते, आणि ओळखीचे लोक घरातल्या जुन्या बॅटऱ्या माझ्याकडे आणून देतात, मी त्यांच्या टोकांना टेप लावून, त्या वेगळ्या करून ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात पाठवते. त्यातून जे रोज दिसतं ते एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे, पण घरात लहान मुलं असतील किंवा विमानाने जायचं असेल तर पूर्ण वाचाच.

परवा माझा भाचा एका जुन्या ट्रिमरची बॅटरी हातात घेऊन म्हणाला, "मावशी, ही तर डेड आहे, हिला कशाला टेप लावतेस?" हा गैरसमज बहुतेक सगळ्यांचा असतो. फोन शून्य टक्के दाखवून बंद पडतो तेव्हा आतला सेल रिकामा झालेला नसतो. लिथियम आयन सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्टवर असतो आणि साधारण ३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याच्या थोडं आधीच फोन स्वतःला बंद करून घेतो, कारण त्याच्या खाली नेलं तर सेल कायमचा खराब होतो. म्हणजे थोडा चार्ज उरलेलाच असतो. आणि खरं सांगायचं तर ड्रॉवरमधल्या कितीतरी बॅटऱ्या उतरलेल्या नसतातच, पॉवर बँक टाकून दिली ती वायर नीट बसत नाही म्हणून, खेळण्यातली गाडी टाकली ती चाक तुटलं म्हणून, आत बॅटरी अर्धी भरलेली आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. आणि समजा पूर्ण उतरली असली तरी आतलं इलेक्ट्रोलाइट कुठे जातं? ते पेट्रोलसारखं पटकन पेट घेणारं सेंद्रिय द्रावण असतं आणि ते चार्ज असो नसो, आत तसंच असतं. चार्ज जितका कमी तितका भडका उडायचा धोका कमी, हे मात्र खरं आहे, आणि त्याचा पुढे उपयोगही आहे.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते कारण ते कळलं की बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात. एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट, निकेल, मँगनीज किंवा लोह फॉस्फेटचं संयुग, आणि मध्ये एक प्लॅस्टिकचा पडदा, त्याला सेपरेटर म्हणतात. हा पडदा बहुतेक वेळा २५ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. सगळी सुरक्षितता त्या पडद्यावर आहे. तो फाटला, टोचला गेला, दाबला गेला किंवा वितळला की दोन बाजू एकमेकींना भिडतात, आतल्या आत शॉर्ट होतं आणि ती जागा तापायला लागते. साधारण १०० अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तुटून स्वतःच उष्णता सोडायला लागतो, १३० च्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो, आणि २०० च्या आसपास काही प्रकारच्या सेलमधलं धातूचं संयुग ऑक्सिजन सोडतं. म्हणजे आगीला लागणारी हवासुद्धा बॅटरी स्वतःच्या पोटातून पुरवते, म्हणून वरून चादर टाकून किंवा झाकण लावून ही आग गुदमरत नाही. या साखळीला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा ती पुढे सरकली की प्लग काढून काही होत नाही.

आता फुगलेल्या बॅटरीबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त असते आणि गंमत म्हणजे लोक बॅटरीची तक्रार घेऊन येतच नाहीत. ते म्हणतात लॅपटॉपचं टचपॅड क्लिक होत नाहीये, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवला की डगमगतो, किंवा फोनची स्क्रीन एका कडेने उचलली गेलीये आणि आतून उजेड दिसतोय. टचपॅड बिघडलेलं नसतं, त्याच्या खाली बॅटरी फुगून वर आलेली असते आणि ते दाबायला जागाच उरलेली नसते. अशा वेळी लोक काय करतात तर टचपॅड अजून जोरात दाबतात, स्क्रीन पुन्हा दाबून बसवतात, कोणी कोणी तर वरून रबर बँड लावतात. कृपा करून हे करू नका. आतला गॅस म्हणजे इलेक्ट्रोलाइट विघटन पावल्याची खूण आहे, त्यात कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि जळणारे हायड्रोकार्बन वायू असतात, आणि थर एकमेकांपासून सुटलेले असतात. त्यावर दाब दिला की आपण तोच पडदा धोक्यात घालतो.

फुगलेली दिसली की पहिली गोष्ट, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका, "फक्त डेटा काढून घेतो, पाच मिनिटं लावतो" असंसुद्धा नको. वस्तू बंद करा. बॅटरी सहज निघत असेल, म्हणजे झाकण उघडलं की हातात येते अशी असेल, तर काढा, नसेल तर वस्तूसकट तशीच ठेवा आणि रिपेअरवाल्याला आधी फोन करून सांगा की फुगलेली आहे. सुई, टाचणी काहीही लावून हवा काढायला जाऊ नका. इंटरनेटवर असे व्हिडिओ आहेत, मी बघितलेत, बघताना माझ्या पोटात गोळा येतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट नावाचा क्षार असतो, त्याला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो, तो डोळ्यांना, फुफ्फुसांना आणि त्वचेला भयंकर घातक असतो. बॅटरीतून गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर कुठेतरी गळती आहे असं समजा, खिडक्या उघडा आणि हाताने चाचपून बघू नका.

मी स्वतः अशी बॅटरी काढते ती कशी ते सांगते. फोन चालू होत असेल तर आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली येऊ देते, चार्ज कमी तितकी भडकण्याची ताकद कमी, वर म्हटलं ना. पण फुगलेल्या फोनवर मुद्दाम गेम लावून तो तापवत नाही, जेवढा उतरलाय तेवढा उतरलाय. मग बॅटरी चिकटवलेला डिंक सुटायला कडेने थोडंसं आयसोप्रोपाइल अल्कोहोल सोडते, पाच दहा मिनिटं थांबते आणि प्लॅस्टिकच्या पातळ कार्डाने हळूहळू उचलते. धातूची पट्टी, स्क्रूड्रायव्हर, कटर यांना बॅटरीच्या आसपासही येऊ देत नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली असते, खिडकी उघडी असते, आणि टेबलावर कागद, कापड, थिनर असं काही नसतं. बॅटरी वाकवली जात नाहीये ना हे सारखं बघावं लागतं, कारण पाऊच सेलला कडक कवच नसतं, नुसती ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची पिशवी असते, आणि एकदा कोपऱ्यात घडी पडली की संपलं. हे काम ज्याने आधी केलेलं नाही त्याने फुगलेल्या बॅटरीवर शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गोल सेलची गोष्ट वेगळी. टॉर्च, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या, पॉवर बँका, ड्रिल मशीन यांत १८६५० नावाचे सेल असतात, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी म्हणून हा आकडा. हे सेल सुटे हाताळणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघून ठेवा. पुढचं टोक, म्हणजे उंचवटा असलेलं, ते प्लस. पण मायनस फक्त मागच्या टोकाला नाहीये, सेलचा अख्खा धातूचा डबा मायनस आहे, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि प्लसचं टोक आणि ती कड यांच्यामध्ये अंतर किती तर जेमतेम एक दोन मिलिमीटर. त्यांना वेगळं ठेवतं ते वरचं कागदी किंवा प्लॅस्टिकचं गोल वॉशर आणि सेलभोवतीचं ते रंगीत पातळ आवरण. ते आवरण वरच्या कडेला जरा जरी फाटलं, खरचटलं की एखादी किल्ली, नाणं, पेपरक्लिप तिथे टेकायचा अवकाश, सरळ शॉर्ट. आणि हे सेल दहा पंधरा अँपिअर सहज सोडतात, काही तर त्याहून जास्त, किल्ली लाल होईपर्यंत तापते. खिशात सुटा सेल आणि चिल्लर एकत्र राहून लोकांच्या मांड्या भाजल्यात त्या याच कारणाने. नवीन आवरण आणि वॉशर मिळतं, बसवायला सोपं असतं, आणि सेल नेण्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या मिळतात, त्या घ्याच.

प्रवासाचं आता. विमानाचे नियम लोकांना जाचक वाटतात कारण त्यामागचं कारण कोणी सांगत नाही, नुसतं "काढा, काढा" म्हणतात. नियम असा की सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्ये आपल्याजवळच ठेवायच्या. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) चालतात, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोन सुट्या नेता येतात, १६० च्या वर प्रवासी विमानात प्रवाशाला नेता येत नाही. एखाद्या कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात म्हणून तिकीट काढल्यावर त्यांची साइट बघा. वॉट-अवर काढायला सोपं आहे, बॅटरीवर mAh म्हणून छापलेल्या मिलिअँपिअर-अवरला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे २० गुणिले ३.७, झाले ७४. २७,००० ची जवळपास १०० ला टेकते. इथे व्होल्ट सेलचा घ्यायचा, ३.६ किंवा ३.७, यूएसबीचा ५ नाही, यावरून विमानतळावर बरेच वाद होताना दिसतात. आणि मागे छापलेला आकडा पुसला गेला असेल तर ती पॉवर बँक अडवली जाऊ शकते, त्यामुळे छापलेलं नीट दिसतंय ना ते घरीच बघा.

केबिनमध्येच का, तर तिथे माणसं असतात. धूर आला तर लगेच दिसतो, क्रू पाणी ओततात, थंड करतात, वस्तू वेगळी करतात. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो, तो ज्वाळा दाबतो पण बॅटरी थंड करत नाही, आणि आत एका सेलवरून दुसऱ्या सेलवर चालूच राहतं. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं बोइंग ७४७ मालवाहू विमान मालाला लागलेल्या आगीमुळे गेलं. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या, उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांत आगीचा इशारा आला, कॉकपिटमध्ये एवढा धूर भरला की वैमानिकांना समोरची मीटर दिसेनात, आणि दोघंही गेले. त्यानंतरच्या काही वर्षांत नियम घट्ट होत गेले, आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला बंदी आली, मालवाहू विमानात न्यायच्या तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसावा असं ठरलं. या ३० टक्क्यांमागे तेच कारण, कमी चार्ज, कमी उष्णता.

आणि केबिनमध्येसुद्धा डोक्यावरच्या कप्प्यात नको. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवरच पेटलं, सगळे १७६ जण बाहेर पडले हे नशीब, आणि पॉवर बँकमधलं इन्सुलेशन तुटल्याने आग लागली असण्याची शक्यता तपासात पुढे आली. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून तिथल्या विमान कंपन्यांच्या प्रवाशांना पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. नियम तुमच्या विमानाला लागू असो नसो, पॉवर बँक सीटखालच्या छोट्या बॅगेत ठेवा, जिथे ती तापली तर तुम्हाला कळेल. अजून एक, फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका, क्रूला बोलवा. सीटची यंत्रणा फोन चिरडते आणि तिथेच आग लागते, हे क्रूच्या सूचनांमध्ये मुद्दाम सांगतात ते उगाच नाही.

कुरियरने बॅटरी पाठवायची असेल तर खोटं लिहून पाठवू नका, ही विनंती मी हात जोडून करते. "स्पेअर पार्ट" असं लिहून आत लॅपटॉपची बॅटरी घालणारे लोक मला माहिती आहेत. लिथियम आयन बॅटरी नुसती असेल तर तिचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक यूएन ३४८०, उपकरणाच्या आत किंवा उपकरणासोबत असेल तर ३४८१, आणि त्यावरून ते पार्सल कुठे ठेवायचं, विमानात चढवायचं की नाही, हे ठरतं. तुम्ही खोटं लिहिलंत की ते पार्सल कोणाच्या तरी पायाखाली प्रवासी विमानात जाऊ शकतं. विकायला येणारी बॅटरी यूएन ३८.३ नावाच्या चाचण्यांतून जाते, त्यात कमी हवेचा दाब, गरम-थंड, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्ट, आघात, जास्त चार्जिंग आणि जबरदस्तीने डिस्चार्ज अशा आठ चाचण्या असतात. पण ही चाचणी धडधाकट बॅटरीची असते. फुगलेली, पडलेली, पाण्यात भिजलेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानाने पाठवताच येत नाही, आणि रस्त्याने पाठवायची तरी खास पॅकिंग लागतं. म्हणून फुगलेली बॅटरी "वॉरंटीत परत पाठवतो" म्हणून स्वतःच खोक्यात भरू नका, आधी विक्रेत्याला फोटो पाठवा आणि काय करायचं ते त्यांना लेखी विचारा.

गाडीने नेताना एवढंच, उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर काही सोडू नका. गाडीची शिशाची बॅटरी नेत असाल तर उभीच ठेवायची, बांधायची, टर्मिनलवर टोप्या किंवा जाड टेप, आणि तिच्यावर पाना, जॅक असलं काही ठेवायचं नाही. त्या बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो. गॉगल घाला, हातमोजे घाला, अंगठी काढा. अंगठी काढायचं लोक विसरतात, आणि बॅटरीचा प्लस आणि गाडीची बॉडी यांच्यात पाना आणि अंगठी अडकली की बोट जातं, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये.

आता मुख्य विषय, टाकायची कशी. ओल्या कचऱ्यात नाही, सुक्या कचऱ्यातही नाही, प्लॅस्टिकच्या रिसायकलिंगमध्येही नाही. कचऱ्याच्या गाडीत माल दाबायला लोखंडी पाटा असतो, तो टनांच्या ताकदीने दाबतो, आणि मघाशी सांगितलेला तो पडदा तिथे किती टिकेल ते तुम्हीच सांगा. आजूबाजूला कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, म्हणजे जळायला सगळं तयार. जगभर कचऱ्याच्या गाड्यांना आणि वर्गीकरण केंद्रांना आगी लागतात त्यात बॅटऱ्या हे एक मोठं कारण आहे, आणि तिथे कचरा वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून हाताने कचरा निवडणारी माणसं असतात. मी टेप लावते ती त्यांच्यासाठी. सिगारेटऐवजी ओढायच्या त्या एकदाच वापरायच्या व्हेपमध्येसुद्धा बहुतेक वेळा चांगला रिचार्ज होऊ शकणारा लिथियम सेल असतो, लोक ते सरळ कचरापेटीत फेकतात, त्याचा मला फार राग येतो. गाणारं ग्रीटिंग कार्ड, लाइटचे बूट, ब्लूटूथ इअरबड, इलेक्ट्रिक टूथब्रश, या सगळ्यांत बॅटरी आहे हे लक्षातच येत नाही. चार्जिंगचं पोर्ट आहे किंवा वायरशिवाय काही लुकलुकतं, म्हणजे आत बॅटरी आहे, एवढा साधा हिशोब ठेवा.

टेप कशी लावायची ते सांगते. साधी पारदर्शक चिकटपट्टी किंवा इन्सुलेशन टेप, दोन्ही चालतात, धातूच्या पट्टीसारखी चमकणारी फॉइल टेप चालत नाही. लिथियमच्या बॅटरीची दोन्ही टोकं झाका, फोनच्या बॅटरीचा कनेक्टर असेल तर तो झाका, वायर बाहेर आल्या असतील तर प्रत्येक वायर वेगळी झाका, दोन्ही वायर एकदम कात्रीने कापू नका, कात्रीच शॉर्ट करते, एक कापा, टेप लावा, मग दुसरी. बॅटरीवर छापलेलं नाव टेपने झाकू नका, पुढे वर्गीकरण करणाऱ्याला ते वाचायचं असतं. मग प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या प्लॅस्टिक पिशवीत. साठवायला प्लॅस्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा डबा, हवाबंद झाकण नको, पत्र्याचा डबा नको कारण तो स्वतःच शॉर्ट करेल. फुगलेली किंवा ठोका बसलेली मात्र यांच्यात मिसळायची नाही, ती वेगळी, कोरड्या वाळूत, मातीच्या कुंडीत किंवा सिमेंटच्या फरशीवर, घराबाहेर, ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी, आणि लवकरात लवकर द्यायची. वर्षभर साठवून एकदम देऊ असा विचार चांगल्या बॅटऱ्यांच्या बाबतीतही करू नका, साठा मोठा झाला की एकीमुळे सगळ्या जातात.

काही घरगुती उपाय फार फिरतात, त्यांच्याबद्दल. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की बॅटरी निकामी आणि सुरक्षित होते म्हणतात. मिठाने टर्मिनल आधी गंजतात, मग सेलमधला चार्ज तसाच अडकून राहतो, कवचाला भोक पडलं तर इलेक्ट्रोलाइट पाण्यात उतरतो, आणि वर हायड्रोजनही निघतो. मोठ्या रिसायकलिंग कारखान्यात असं करतात ते नियंत्रित टाक्यांत, घरच्या बादलीत ते होत नाही. फ्रीजमध्ये ठेवली की फुगलेली बसते म्हणतात. थंडीने गॅस थोडा आकसतो, बाहेर काढली की पुन्हा फुगते, आणि मध्ये ओलावा जमतो तो वेगळा. आणि तिसरा उपाय सगळ्यात वाईट, वर्षानुवर्षं पडून मेलेल्या सेलला बाहेरून झटका देऊन जागं करणं. सेल खूप खाली, दोन व्होल्टच्याही खाली जाऊन पडून राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं, पुन्हा चार्ज केला की तेच तांबं चुकीच्या जागी जमतं आणि पडद्यातून वाट काढतं. तो सेल चार्ज झालेला दिसेल, आठवडाभर चालेलही. मी अशा सेलला पुन्हा चार्ज करत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तसंच शून्य अंशाच्या खाली थंडी असताना लिथियम सेल चार्ज करायचा नाही, लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी वर धातूच्या रूपात साचतं.

चांगली बॅटरी वापरात नसताना ठेवायची असेल तर ४० ते ६० टक्के चार्जवर, कोरड्या आणि गार जागी, दोन चार महिन्यांनी एकदा बघायची. पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण उतरवूनही ठेवू नका.

द्यायची कुठे हा प्रश्न लगेच येणार. बॅटरी विकणारी अनेक दुकानं, कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आणि ई-कचरा गोळा करणारी केंद्रं घेतात. बऱ्याच देशांत कायदा असा आहे की जो बॅटरी बनवतो किंवा आयात करतो त्याने ती परत गोळा करायची व्यवस्था करायला हवी, म्हणजे तुम्ही कोणाकडे उपकार मागायला जात नाहीयात. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं ते याचंच. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नवीन नियम केले आणि त्यात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी अशी अट घातली, काही अपवाद आहेत, पण मला हा निर्णय मनापासून आवडला. बॅटरी डिंकाने चिकटवून टाकली की ती काढणं धोक्याचं होतं आणि लोक अख्खी वस्तू फेकतात, हे मी रोज बघते.

पुढे तिचं काय होतं? लिथियमच्या बॅटऱ्या डिस्चार्ज करून, ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात किंवा पाण्याखाली भरडतात, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक वेगळं होतं आणि उरते ती काळी भुकटी, तिला ब्लॅक मास म्हणतात. त्यातून रसायनं वापरून निकेल, कोबाल्ट, लिथियम परत मिळवतात. लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट आणि निकेल नसतं त्यामुळे त्यातून मिळणारा पैसा कमी, म्हणून काही ठिकाणी त्या घ्यायला नाखूष असतात, तरी चिकाटीने विचारा. जुन्या कॉर्डलेस फोनमधल्या निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या आगीच्या बाबतीत शांत, पण कॅडमियम मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक, त्यामुळे त्या तर मातीत जाताच कामा नयेत. शिशाची बॅटरी जगात सगळ्यात जास्त रिसायकल होणाऱ्या वस्तूंपैकी आहे, पण उघड्यावर फोडून, भट्टीत वितळवून केलेलं रिसायकलिंग म्हणजे आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. म्हणून कोण थोडे जास्त पैसे देतो यापेक्षा तो पुढे कुठे पाठवतो ते विचारा.

आणि आग लागलीच तर. आवाज येतो आधी, फुस्स असा, वाफेसारखा पांढरट धूर निघतो, मग ज्वाळा. वस्तू प्लगला असेल आणि हात पोचत असेल तर मेन बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा, धूर नाकात जाऊ देऊ नका, त्यात हायड्रोजन फ्लुओराइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतं. फोन, पॉवर बँक एवढं छोटं असेल आणि बाहेर पडायची वाट तुमच्या मागे मोकळी असेल तर लांबून भरपूर पाणी ओता. लिथियम म्हटलं की पाणी नको असं शाळेत शिकलेलं आठवतं, ते लिथियम धातूचं, लिथियम आयन बॅटरीला थंड करायला पाणीच लागतं. पावडरचं सिलिंडर ज्वाळा विझवतं पण थंड करत नाही, पुन्हा पेटते. ई-बाइक किंवा स्कूटरची बॅटरी असेल तर काहीही विझवायला जाऊ नका, दार ओढून घ्या, बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा आणि "लिथियम बॅटरी आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. म्हणूनच अशा मोठ्या बॅटऱ्या जिन्यात किंवा दारासमोर चार्जिंगला लावायच्या नाहीत, तीच तर बाहेर पडायची वाट असते. विझल्यावरसुद्धा ती वस्तू घरात आणू नका, उरलेल्या सेलमधली वीज तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा पेटवते.

हे वाचून कोणी आज ड्रॉवर उघडणार असेल तर एक करा. सगळं एका पिशवीत भरून लगेच निघू नका. आधी टेबलावर मोकळं मांडा, फुगलेलं, ओलं, वास येणारं बाजूला काढा, बाकीच्यांना टेप लावा. खराब असेल त्या पिशवीवर मार्करने मोठ्या अक्षरांत "फुगलेली" किंवा "पडलेली" असं लिहा आणि देताना तोंडीही सांगा, डब्यात टाकून निघून येऊ नका, कारण तिथे तो डबा उचलून गाडीत ठेवणाऱ्या माणसाला आत काय आहे हे कळायचा दुसरा मार्ग नसतो.